संग्रहालयातला बाक

अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून जवळपास अडीचशे. 1863 साली स्थापन झालेलं नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, पाहायला वऱ्हाडातून निघालेली शाळेची सहल काही तास गाडीत बसून दारात उतरते. त्या मुलांना आधी स्वच्छतागृह आणि पाणी लागतं. मूर्ती आणि नाणी त्यानंतर. तरीही वस्तू जपणं हेच संग्रहालयाचं खरं काम, बाकीच्या सोयी म्हणजे वरची चैन, हा समज पक्का आहे. संग्रहालयांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. लंडनचं साउथ केन्सिंग्टन संग्रहालय 1857 मध्ये उघडलं. दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी येता यावं म्हणून तिथे गॅसचे दिवे लावले गेले, पाहुण्यांसाठी उपाहारगृहही काढलं गेलं. बोस्टनच्या कला संग्रहालयातील बेंजामिन गिल्मन यांनी 1916 मध्ये एका माणसाची छायाचित्रंच छापली: खालच्या फळीवरची वस्तू पाहायला तो किती वाकतो, पाटी वाचायला मान किती वळवतो. संग्रहालयात येणारा थकवा बऱ्याच अंशी मांडणीतून येतो, हे त्यांनी दाखवलं. थकलेला माणूस पुढच्या दालनातून नुसता चालत जातो. म्हणून दालनाच्या मध्ये ठेवलेला साधा बाक हा मला प्रदर्शनाचाच भाग वाटतो.

दुसरा गैरसमज नियमांबद्दल आहे. पिशवी दारात ठेवायला सांगितली की अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, अंधुक दालन पाहून वीजबिल वाचवताहेत असं वाटतं. पण पाठीवरची सॅक वळताना मूर्तीला किंवा काचेला लागते, आणि डब्यातल्या खाण्यामागे मुंग्या, झुरळं, उंदीर येतात. झुरळांना आणि उंदरांना कागद आणि कापडही चालतं. जुनं वस्त्र, पोथी, जलरंगातलं चित्र यांच्यावर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, असा जगभरचा प्रघात आहे; कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही आणि हे नुकसान साठत जातं. तरीही पाहुण्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नाही. सामान ठेवायचं तर त्याला बिल्ला हवा, राखणारा माणूस हवा, आणि नियमामागचं कारण मराठीतून पाटीवर लिहिलेलं हवं. सुट्टीच्या वाराचंही तसंच. अनेक शासकीय संग्रहालयं सोमवारी बंद असतात. एवढ्या लांबून आलेल्यांना हे कुलूप पाहिल्यावर कळत असेल, तर चूक त्यांची नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या संग्रहालयाला हे परवडणार कसं? अडचण खरी आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. लिफ्टला लाखो रुपये लागतात. बाक, पिण्याचं पाणी, मोठ्या अक्षरांतली पाटी आणि वेळेचा ठळक फलक यांना लागत नाहीत. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तिकीट खिडकीपुढची सावली आणि गार पाणी ही आरोग्याची गरज होते. जुन्या वास्तूला हात लावता येत नाही, हा आक्षेपही अर्धाच खरा आहे. भिंत न फोडता पायऱ्यांवर काढता-घालता येणारा लाकडी उतार टाकता येतो. शिवाय हा दयेचा प्रश्नच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये झाला. त्याचे नियम जून 2017 मध्ये निघाले, आणि तेव्हापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. ती मुदत 2022 मध्येच संपली. त्याच वर्षी प्राग इथे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने संग्रहालयाची व्याख्या बदलली आणि सर्वांना पोहोचता येणं ही गोष्ट व्याख्येतच घातली.

बाहेर पडताना दारापाशी बहुतेक ठिकाणी अभिप्रायाची वही असते आणि तिच्यात पानोपानी ‘छान’, ‘सुंदर’ एवढंच असतं. पुढच्या वेळी तिथे तारीख घालून स्पष्ट लिहा: दुसऱ्या दालनात बसायला जागा नाही, नळाला पाणी नाही, आजीला पायऱ्या चढता आल्या नाहीत.