मेंढरे कोण, हे सांगायचे नाही

लहान मुलांना धर्म शिकवणे म्हणजे काहीतरी पाठ करून घेणे, ही समजूत आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक धर्माच्या घरात आढळते. कॅथलिक परंपरेत या पाठांतराला ठरलेला आकार होता, तो म्हणजे प्रश्नोत्तरी. प्रश्न छापलेला आणि त्याचे उत्तरही छापलेले. अमेरिकेत १८८५ साली निघालेल्या बाल्टिमोर प्रश्नोत्तरीत असे ४२१ प्रश्न होते आणि कित्येक पिढ्यांनी ते घोकले. आपल्या किनाऱ्यावर तर ही परंपरा त्याहून जुनी. फादर थॉमस स्टीफन्स यांची कोकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या निधनानंतर, १६२२ साली, गोव्यात राचोलला छापली गेली. पण त्याच स्टीफन्सनी १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले होते, आणि त्याच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्री-गुरूंकडे पुराणाची मागणी करतो. साहित्याचे अभ्यासक हा प्रसंग भाषेच्या अंगाने वाचतात. मी बालशिक्षणाची अभ्यासक असल्याने मला त्यात विद्यार्थ्याची तक्रार ऐकू येते. उत्तरे मिळाली, आता गोष्ट द्या, अशी ती तक्रार आहे.

विसाव्या शतकात हा प्रश्न निकडीचा झाला, त्याला कारण एक हुकूम होता. पोप दहावे पायस यांनी १९१० साली प्रथम कम्युनियनचे वय साधारण सात वर्षांवर आणले. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना दहा, बारा, कधी चौदा वर्षांपर्यंतही थांबावे लागे. आता अपेक्षा एवढीच राहिली की, साधी भाकरी आणि मिस्सेतली भाकरी यांतला फरक मुलाला आपल्या वयाप्रमाणे कळावा. सात वर्षांच्या मुलाला हा फरक व्याख्येने कसा कळणार?

मारिया मॉन्टेसरींनी बार्सिलोनात त्याचे उत्तर शोधले ते शेतात. तिथल्या शाळेत मुलांनी गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या. मिस्सेची भाकरी आणि वाइन कशातून येते, हे त्यांनी आधी मातीत पाहिले. मुलांच्या उंचीची वेदी, छोटी आसने असे प्रार्थनागृहही तिथे होते. पुढे १९५४ साली रोममध्ये सोफिया कावाल्लेत्ती आणि मॉन्टेसरी शिक्षिका जान्ना गोब्बी यांनी हे सूत्र उचलले. कावाल्लेत्ती हिब्रू भाषेच्या आणि बायबलच्या विदुषी. मुलांना शिकवण्याचा त्यांना अनुभव नव्हता. कुणाच्या तरी आग्रहावरून सात वर्षांच्या एका मुलाला कम्युनियनसाठी तयार करायला त्या बसल्या आणि उरलेले आयुष्य त्यातच गेले. २०११ साली त्यांचे निधन झाले. या पद्धतीला ‘उत्तम मेंढपाळाची धर्मशिकवण’ म्हणतात आणि तिच्या खोलीला ‘आट्रियम’. वर्ग आणि चर्च यांच्या मधली ही ओसरीच म्हणा ना. तीन ते सहा, सहा ते नऊ आणि नऊ ते बारा असे वयाचे तीन गट असतात.

या पद्धतीचा कणा असलेला पाठ योहानाच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायाचा आहे. एक लाकडी वाडगे, त्याला उघडणारे दार, चपट्या लाकडी मेंढ्या आणि एक मेंढपाळ. शिक्षिका मजकूर सावकाश वाचते आणि बाहुल्या हलवते. मेंढपाळ नावाने हाक मारतो, पुढे चालतो, मेंढरे मागून जातात. मग ती विचारते, ही मेंढरे कोण असतील बरे? आणि इथे ती थांबते. ‘मेंढरे म्हणजे आपण’ हे तिने सांगायचे नसते. मूल महिनोन्‌महिने त्या वाडग्याकडे परत येते आणि एक दिवस स्वतःच बोलते, किंवा बोलतही नाही. एका शिबिरात मी बालवाडीच्या शिक्षिकांना हे करायला सांगितले. बहुतेकींना अर्ध्या मिनिटाची शांतता सोसली नाही. उत्तर सांगून टाकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती मला फार बोलकी वाटली.

दुसरे उदाहरण चषकाचे. मॉन्टेसरी वर्गात मूल आधी दाणे ओतायला शिकते, मग पाणी. आट्रियममध्ये तोच सराव पुढे जातो. दोन छोट्या सुरया, एक चषक. आधी वाइन ओतायची, मग पाण्याचे मोजके थेंब. ते थेंब आता वेगळे काढता येतील का? येत नाहीत. माणूस आणि ख्रिस्त यांच्या एकरूपतेबद्दल मिस्सेत जे म्हटले जाते, ते मुलाच्या मनगटाला आधी कळते. रविवारच्या वर्गांत सर्रास चालणारे मेंढीला कापूस चिकटवणे किंवा संतांचे चित्र रंगवणे याच्या जवळपासही जात नाही. कापूस चिकटवताना मुलाचे मन कापसात आणि डिंकात असते. तो वेळ घालवण्याचा उद्योग आहे, आणि वर्ग शांत ठेवायला उपयोगीही आहे. पण त्याला धर्मशिक्षण म्हणू नये.

कावाल्लेत्तींचा आणखी एक निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. सहा वर्षांच्या आत नीतीचे धडे द्यायचे नाहीत. आपल्याला कुणी ओळखते, नावाने हाक मारते, हा भरवसा आधी. चूक आणि पाप यांचा विचार नंतर. धाकाने सुरू झालेला धर्म ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या क्रमाचे मोल वेगळे सांगायला नको.

तरीही एक शंका उरते. त्या खोलीतली प्रत्येक वस्तू मोठ्यांनी निवडलेली असते. मूल मोकळेपणाने फिरते, पण सगळ्या वाटा एकाच दिशेने जातात. तीन वर्षांचे मूल ‘मला हे नको’ असे कुठल्या शब्दांत म्हणणार? पद्धतीचे समर्थक याला निमंत्रण म्हणतात. नाकारता न येणाऱ्या निमंत्रणाला मी तो शब्द वापरायला कचरते. पण छापील उत्तर चुकले की हात पुढे कर म्हणणाऱ्या वर्गापेक्षा, चुकीच्या उत्तराची जागाच नसलेली ही खोली मी कधीही पत्करीन.

वसईसारख्या भागात हे कसे रुजेल? साधने शिक्षिकेने स्वतःच्या हातांनी बनवावीत, असा या पद्धतीचा आग्रह आहे, आणि ते आपल्याला नवे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीत मॉन्टेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून परिसरातल्या बिया, शिंपले, पाने यांवर बालवाडी उभी केली. मोहरीच्या दाण्याच्या दृष्टान्ताला आपल्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी पुरते. खमिराच्या दृष्टान्तासाठी मात्र भाकरीचे पीठ चालणार नाही, ते फुगत नाही. रात्री आंबोळीचे पीठ भिजवावे, दुपारी मुलांना झाकण काढू द्यावे, आणि त्या वेळी शिक्षिकेने काही बोलू नये.