वृद्धाश्रमातली २१५ मिनिटं

२१५ मिनिटं. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वृद्धनिवासांत प्रत्येक रहिवाशाच्या वाट्याला दिवसाकाठी सरासरी इतकी प्रत्यक्ष सेवा आली पाहिजे, असा तिथला ऑक्टोबर २०२४ पासूनचा दंडक आहे. त्यातली ४४ मिनिटं नोंदणीकृत परिचारिकेची. वृद्धनिवासांतल्या हेळसांडीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने मार्च २०२१ मध्ये आपला अंतिम अहवाल मांडला. त्यातल्या १४८ शिफारशींतून जे बदल झाले, त्यांपैकी हा एक.

हाच हिशेब आपल्याकडच्या २५ जणांच्या वृद्धाश्रमाला लावून बघू. २५ हा आकडा मुद्दाम घेतला, कारण निराधार ज्येष्ठांच्या निवासाला केंद्राच्या योजनेतून अनुदान मिळतं ते किमान इतक्या जणांसाठी.

समजा, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या आहेत आणि प्रत्येक पाळीला एक मावशी किंवा एक मामा. दिवसाची १,४४० मिनिटं २५ जणांत वाटली, तर प्रत्येकाला ५८ मिनिटंही येत नाहीत. मावशींनी जेवायला, चहाला पाच मिनिटंही बसायचं नाही, असं धरून हा हिशेब आहे. २१५ मिनिटं द्यायची तर रोज ५,३७५ मिनिटं, म्हणजे जवळपास ९० तास लागतात. म्हणजे दिवसाला ११ माणसं आणि साप्ताहिक सुट्ट्या धरल्या तर पटावर १३. स्वयंपाकीण, सफाई कामगार आणि व्यवस्थापक यांत धरलेले नाहीत.

आता पैसे. या १३ जणांना महिना १५,००० रुपये पगार धरला, तर १,९५,००० रुपये होतात. माणशी ७,८०० रुपये, आणि तेही फक्त सेवेच्या हातांचे; जेवण, औषधं, वीज, भाडं वेगळं. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून निराधार ज्येष्ठांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांकडून मिळू शकणाऱ्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे. म्हणजे कायद्याने मिळू शकणारी मोठ्यात मोठी रक्कम हाती आली, तरी तिचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग निव्वळ सेवेच्या पगारात जाईल. पैसा अपुरा असला की काटछाट तिथे होते, जिथे ती भेटायला येणाऱ्याला दिसत नाही. अंगण झाडलेलं असतं, चादरी धुतलेल्या असतात. रात्रपाळीचं माणूस कमी झालेलं असतं.

रात्रपाळी कमी झाली की काय होतं, हेही आकड्यांत सांगता येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर कंबरेला, टाचांना बेडसोर होतात. म्हणजे दिवसाला १२ वेळा. असे पाच जण असतील तर ६० वेळा, आणि त्यातल्या २० वेळा रात्री दहा ते सकाळी सहाच्या दरम्यान. वजनदार माणसाला वळवायला दोघं लागतात. रात्री एकच मावशी असेल, तर हे काम होत नाही. त्यात तिच्या मायेचा किंवा कष्टाचा काही दोष नाही.

गरज किती आहे? २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या २४ टक्के लोकांना अंघोळ, कपडे घालणं, जेवणं, शौचाला जाणं, चालणं यांपैकी निदान एका गोष्टीत अडचण होती. २५ जणांत हे प्रमाण धरलं तर सहा जण. पण पाहणी घराघरांत झाली होती. वृद्धाश्रमात माणूस बहुतेक वेळा येतो तोच घरी सांभाळणं अवघड झाल्यावर, त्यामुळे तिथे हा आकडा सहावर थांबेल असं धरणं धोक्याचं. स्मृतिभ्रंशाचं प्रमाण साठीपुढे ७.४ टक्के आहे, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. २०२२ मध्ये देशात १४.९ कोटी ज्येष्ठ होते. २०५० मध्ये ते ३४.७ कोटी असतील, असा संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा अंदाज आहे. ऐंशीपुढच्यांची वाढ तर याहून कितीतरी वेगवान असेल, आणि सेवेची गरज सगळ्यात जास्त त्यांनाच.

आपले कायदे मात्र अजून जागा मोजतात. २००७ च्या कायद्याचं कलम १९ म्हणतं, राज्याने टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांचा वृद्धाश्रम उभारावा; पण ती मुभा आहे, सक्ती नाही. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांत ती पुरी वापरली तरी ५,४०० जागा होतात. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढची सुमारे १ कोटी ११ लाख माणसं होती. केंद्राच्या आदर्श नियमावलीत माणशी झोपण्याची जागा ७.५ चौरस मीटर आणि एकूण वापराची १८ चौरस मीटर सांगितली आहे. मे २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घातले: दरवाजा ९०० मिलिमीटर रुंद, जिना १,५०० मिलिमीटर, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत. निकष चांगलेच आहेत. पण महारेराचा अधिकार बांधकामापुरता. त्या ९०० मिलिमीटरच्या दारातून रात्री दोन वाजता कोण आत येणार, हे ठरवणं त्याच्या कक्षेत येत नाही. वृद्धनिवासांची नोंदणी आणि किमान दर्जा बंधनकारक करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं.

दर्जा मोजायचा कसा, याचं उत्तर फार महागडं नाही. ऑस्ट्रेलियातली निवासं दर तीन महिन्यांनी काही ठरावीक गोष्टींची नोंद सरकारला देतात: बेडसोर किती जणांना, पडलं कोण, बांधून किंवा अडवून कुणाला ठेवलं, वजन किती जणांचं घटलं, नऊ किंवा त्याहून जास्त औषधं कुणाला चालू आहेत. तीन महिन्यांत पाच टक्के वजन घटलं की ती धोक्याची खूण. ५० किलोच्या आजींच्या बाबतीत हे अडीच किलो. त्यासाठी लागतो एक वजनकाटा आणि एक वही.

हे आकडे सुटे वाचून मात्र चालत नाही. ऑस्ट्रेलियात एका तिमाहीत जवळपास एक तृतीयांश रहिवासी निदान एकदा पडतात. मग एखाद्या वृद्धाश्रमाने ‘आमच्याकडे कुणीच पडत नाही’ असं सांगितलं, तर दोन शक्यता तपासायला हव्यात: पडल्याची नोंदच होत नाही, किंवा आजी-आजोबांना पलंगावरून उठूच दिलं जात नाही. न चालणारा माणूस पडत नाही, पण त्याचे स्नायू झिजतात आणि पाठीला जखमा होतात. म्हणून पडण्याचा आकडा बांधून ठेवण्याच्या आणि बेडसोरच्या आकड्यांसोबतच वाचायचा.

राज्य सरकारला यासाठी नव्या केंद्रीय कायद्याची वाट बघण्याची गरज नाही. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून पाळीनिहाय कर्मचारीसंख्या आणि हे चार-पाच आकडे दर तिमाहीला मागवून जाहीर करता येतील. २१५ मिनिटं आज परवडणार नाहीत. पण आज किती दिली जातात, हे कळल्याशिवाय किती वाढवायची हे कुणीच सांगू शकणार नाही.

तोवर ही जबाबदारी घरच्यांवर आहे. वृद्धाश्रम बघायला जाल तेव्हा बाग, देवघर आणि जेवणाचा तक्ता बघाच. पण रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात, गेल्या तीन महिन्यांत किती जणांना बेडसोर झाले, आणि वजनाची वही बघायला मिळेल का, हेही विचारा. उत्तरं मिळाली नाहीत, तर तिथे आई-वडिलांना ठेवू नका.