दारापासून पहिल्या पगारापर्यंत

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या नेकनूर-केज पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम हिशोब माणसांचा ठेवत नाही, कोयत्यांचा ठेवतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी बाई हा अर्धा कोयता. तिला उचल निम्मी, आणि बरोबर भाऊ किंवा दीर नसेल तर टोळीत घ्यायलाही मुकादम का-कू करतो. तुरुंगातून, निरीक्षणगृहातून किंवा महिला वसतिगृहातून सुटून आलेल्या तरुण बाईच्या रोजगाराचं बोलायचं तर सुरुवात इथून करायला हवी. अशी बाई बहुधा एकटी असते. आत गेलेल्या नवऱ्याची वाट बाई बघते, आत गेलेल्या बाईची वाट नवरा क्वचितच बघतो. म्हणजे जिल्ह्यातलं सगळ्यात हुकमी काम तिच्या हातून आधीच गेलेलं असतं.

अशांसाठी काही करावं हा विचार मुंबई इलाख्यात शंभर वर्षांचा आहे. १९२४ चा बालक कायदा, १९२७ ची चिल्ड्रन्स एड सोसायटी, १९३८ चा परिविक्षा कायदा ही त्याची सुरुवात. त्या काळी नेकनूर निजामाच्या मुलखात होतं. मुंबईचे हे कायदे मांजरसुंब्याचा घाट चढलेच नाहीत. बीड जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये केंद्राचा परिविक्षा कायदा झाला, आणि पहिलाच गुन्हा असलेल्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली घरी ठेवण्याची सोय निदान कागदावर इकडे पोचली. तोवर गुन्हेगार जमाती कायद्यांचा जाच सोसलेल्या पारधी वस्त्या १९५२ मध्ये ‘विमुक्त’ झाल्या होत्या. चोरीचा संशय आला की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीकडे वळते, हे मात्र या भागात कोणाला सांगावं लागत नाही.

तुरुंगातल्या बायकांकडे देशाचं लक्ष खऱ्या अर्थानं गेलं ते पत्रकार शीला बारसे यांच्यामुळे. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात त्या पंधरा बायकांशी बोलल्या. त्यातल्या पाच जणींनी कोठडीत पोलिसांनी मारहाण केल्याचं सांगितलं. बारसेंचं पत्र हीच याचिका झाली. सर्वोच्च न्यायालयानं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला, आणि १९८३ च्या निकालात बायकांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलीस, फुकट वकील असे आदेश आले. पुढे १९८७ मध्ये कृष्णा अय्यर समितीचा महिला कैद्यांवरचा अहवाल आला. या सगळ्यात भर होता तो आत कसं वागवलं जातं यावर. बाहेर आल्यावर काय, हा प्रश्न शेवटच्या पानांवरच राहिला.

तो पहिल्या पानावर आणला ‘प्रयास’नं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा हा प्रकल्प १९९० मध्ये मुंबईत सुरू झाला. समाजकार्यकर्ते तुरुंगात, कोर्टात आणि पोलीस ठाण्यात जाऊन बसू लागले. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची उमेदवारीची पद्धत. सुटलेल्या माणसाला एखाद्या संस्थेत काही महिने कामाला ठेवायचं आणि त्या काळातलं विद्यावेतन प्रकल्पानं द्यायचं. दिसायला साधी गोष्ट, पण त्यातून वेळेवर कामाला येण्याची सवय लागते, बँकेत खातं उघडतं, आणि पुढच्या मालकाला फोन करून विचारता येईल असा एक माणूस तयार होतो.

सरकारी वाट मात्र शिलाई मशीनची राहिली. इथे जरा थांबतो, कारण मशीनवर माझा राग नाही, मशीन देऊन हात झटकण्यावर आहे. कारागृहाच्या शिवणकामात चादरी आणि गणवेश होतात, म्हणजे सरळ टीप आणि एकाच मापाचे ढीग. नेकनूरच्या बाजारात कपडे तयार मिळतात. शिवायला येतात ते ब्लाउज, तेही अस्तराचे, कटोरीचे. कटोरी बसली नाही तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि कापड वाया गेल्याचं गावभर सांगतं ते वेगळंच. ज्या हातांनी सहा महिने चादरींच्या कडा दुमडल्या, त्यांना कापायला कापड कोण देणार? फॉल-पिकोवर भागवायचं तर वेगळं मशीन लागतं. शिवाय मशीन ठेवायला खोली हवी, आणि ‘ती आतून आलेली’ हे ठाऊक असूनही खोली देणारा घरमालक हवा.

त्यात आणखी एक मेख आहे. देशातल्या दर चार कैद्यांत तीन कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले. तुरुंगातलं काम आणि प्रशिक्षण बेतलेलं आहे पक्क्यांसाठी. कच्च्या कैद्याला कामाची सक्ती नाही, आणि तिची सुटकेची तारीख जेलरलाही माहीत नसते. जामीन झाला की संध्याकाळी दार उघडतं, कोर्स निम्मा असो की पाव. कित्येकदा उलटंही होतं: जामीन होतो, पण सातबारावाला जामीनदार मिळत नाही म्हणून मुक्काम वाढतो. २०२३ मध्ये केंद्रानं यासाठी योजना आणली. कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत तेव्हा ठरली. दार उघडायचे पैसे आले, दाराबाहेरचे नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी येरवड्यात राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ कर्जयोजना सुरू झाली. कैद्याच्या मजुरीवर ७ टक्क्यांनी ५० हजारांपर्यंत कर्ज. कल्पना चांगली, पण तीही आत बसून कमावणाऱ्यांसाठी.

२०२० च्या टाळेबंदीत तुरुंगातली गर्दी कमी करायला राज्यात हजारोंना तात्पुरत्या जामिनावर सोडायचं ठरलं. बाहेर एस.टी. बंद, बाजार बंद, गावच्या वेशी बंद. सुटका आणि पुनर्वसन यांत किती अंतर आहे, हे एवढं उघडंवाघडं आधी कधी दिसलं नव्हतं.

बीडची तऱ्हा आणखी निराळी. इथल्या बहुतेक मुली या यंत्रणेत येतात त्या आरोपी म्हणून नव्हे, पीडित म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत जिल्ह्यातल्या दहांपैकी चारहून अधिक मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. मांडवात पोलीस आले की मुलगी बाल कल्याण समितीपुढे जाते, आईबापांवर गुन्हा नोंदतो, मुलीची रवानगी बालगृहात. कागदावर ती वाचलेली असते. गावात मात्र आईबापांना कोर्टाची पायरी चढायला लावणारी पोरगी म्हणून तिचं नाव होतं. तिच्यात आणि जेलमधून आलेलीत शेजारणी फारसा फरक करत नाहीत.

या मुलींसाठी कायदा तुलनेनं उदार आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद केली. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत त्यासाठी महिना ४ हजार रुपये आहेत. बालपणीच्या गुन्ह्याची नोंद चारित्र्य पडताळणीत उघड करायची नाही, असंही कायदा सांगतो. पण गुन्हा अठरावा वाढदिवस उलटल्यावर घडलेला असेल, तर यातलं काहीच लागू नाही. नणंद म्हणून विवाहितेच्या छळाच्या गुन्ह्यात गोवली गेलेली एकोणीस वर्षांची मुलगी निर्दोष सुटायला काही वर्षं जातात. तोवर चाकणच्या कंपनीपासून होम नर्सिंगच्या एजन्सीपर्यंत जिथे जाईल तिथे पडताळणीत ‘खटला प्रलंबित’ येतं आणि अर्ज बाजूला पडतो.

नेकनूरहून केजवरून अंबाजोगाई गाठली की ‘मानवलोक’ लागतं. १९८२ पासून चाललेल्या या संस्थेच्या परिवारात शैला लोहियांनी ‘मनस्विनी’ उभी केली ती टाकलेल्या बायकांसाठी. तिथल्या ‘दिलासा’ घराचा क्रम मला पटतो: आधी छप्पर, मग वकील, मग काम. टाकलेली आणि सुटलेली, दोघींचीही पहिली गरज रात्री झोपायच्या जागेची असते. मशीनसाठी मंजूर होणारी रक्कम तीन महिन्यांचं खोलीभाडं, किराणा आणि गावातल्याच एखाद्या टेलरिंगच्या दुकानातली उमेदवारी अशी फोडून देता येईल. कटोरी तिथे, गिऱ्हाइकासमोर शिकली जाते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याला खर्चाची मुभा देणारा एक शासन निर्णय पुरतो. तो निघायचा तर दसऱ्याच्या आत निघायला हवा, कारण मुकादमांच्या उचली त्याआधीच वाटून झालेल्या असतात.