गुलाबी रंग जाईपर्यंत

परीक्षणासाठी माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांमध्ये हल्ली आतड्यातले जीवाणू आणि कॅन्सरची इम्युनोथेरपी हा विषय हटकून असतो. प्रबंध जाडजूड असतात, रंगीत आलेखांनी भरलेले. मी आधी एकच गोष्ट शोधतो. या मुलाने किंवा मुलीने एखादा जीवाणू स्वतःच्या हाताने वाढवला आहे का? बहुतेकदा नाही.

अ‍ॅलिसन आणि होन्जो यांचं 2018चं नोबेल, सीटीएलए-4 आणि पीडी-1 हे रोगप्रतिकारक पेशींचे ब्रेक, ते सोडवणारी औषधं, हे सगळं दिवाळी अंकांतून येऊन गेलं आहे. खरा घोळ पुढे आहे. तोच कॅन्सर, तेच औषध. एकाला गुण येतो, शेजारच्या खाटेवरच्याला येत नाही.

2013 साली फ्रान्सच्या गुस्ताव रूसी संस्थेतल्या लॉरेन्स झिटव्होगेल आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले ज्योर्जिओ त्रिंकिएरी यांच्या गटांनी दाखवलं, की आतड्यातले जीवाणू मारले की उंदरांवर कॅन्सरचे काही उपचार नीट चालत नाहीत. तेव्हा आपल्याकडच्या काही ज्येष्ठांनी हे उडवून लावलं होतं. 2015 साली शिकागोत थॉमस गायेव्स्की यांच्या प्रयोगशाळेत आयलेत सिवान हिने दोन पुरवठादारांकडून एकाच वाणाचे उंदीर आणले. एका ठिकाणच्या उंदरांत मेलानोमाची गाठ हळू वाढे, दुसऱ्या ठिकाणच्यांत झपाट्याने. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवल्यावर फरक मिटला, कारण उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. तपास बिफिडोबॅक्टेरियमपर्यंत गेला. हा जीवाणू पाजून वर पीडी-1चा जोडीदार पीडी-एल1 रोखणारं औषध दिलं, तेव्हा गाठीची वाढ जवळजवळ थांबली. आलेखांच्या पुरात मला आजही तो पिंजरा आठवतो.

पण माझ्या मनात घर केलं ते अकरमान्सियाने. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला म्युरियल देरियाँ ही विद्यार्थिनी पीएचडी करत होती. आतड्याच्या भिंतीवरचा चिकट थर खाऊन कोण जगतं, एवढाच तिचा प्रश्न. तिने खाद्य म्हणून फक्त त्या थरातलं म्युसिन ठेवलं, साखर नाही, दुसरं काही नाही, आणि त्यावर जो जीव वाढला त्याला 2004 साली अकरमान्सिया म्युसिनिफिला हे नाव मिळालं. अंतून अकरमान्स या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ. कॅन्सरचं नावही त्या कामात नव्हतं. जानेवारी 2018मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात तीन शोधनिबंध आले. त्यातल्या पॅरिसच्या गटाने, बर्ट्रांड रूती आणि सहकाऱ्यांनी, पीडी-1चा ब्रेक सोडवणारी औषधं घेणारे 249 रुग्ण पाहिले. त्यातल्या 69 जणांनी उपचाराच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलं होतं. त्यांची प्रकृती इतरांपेक्षा लवकर ढासळली. औषध लागू न पडलेल्या रुग्णांची विष्ठा जंतुविरहित उंदरांत घातली, तर त्यांच्यातही औषध निकामी ठरलं. मग त्याच उंदरांना अकरमान्सिया पाजला आणि औषध पुन्हा चालू लागलं. जीवाणू हाताशी होता म्हणूनच हे करता आलं. आणि तो हाताशी होता, कारण चौदा वर्षांपूर्वी एका मुलीने तो वाढवून दाखवला होता.

त्याच अंकात ह्यूस्टनच्या गटाने फीकॅलिबॅक्टेरियमच्या कुळाला मान दिला, शिकागोने बिफिडोबॅक्टेरियम लाँगमला. तीन शहरं, तीन याद्या. सिक्वेन्सिंग यंत्रावर भिस्त ठेवणारी मंडळी म्हणतात, आणखी नमुने घ्या म्हणजे याद्या जुळतील. मला ते पटत नाही. यादी म्हणजे गावाची मतदारयादी, कोण काय करतो ते तिच्यावरून कळत नाही. 2022 साली फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 338 रुग्णांच्या पाहणीत अकरमान्सिया नसणं आणि अति असणं, दोन्ही वाईट ठरलं. अशा गोष्टीचा उलगडा जिवंत कल्चरशिवाय होणार नाही.

विष्ठारोपणाबद्दल, म्हणजे दुसऱ्याची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात घालण्याबद्दल, बरंच लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. 2021 साली, आधी औषध लागू न पडलेल्यांपैकी इस्रायलमध्ये 10पैकी 3 रुग्णांत, पिट्सबर्गमध्ये 15पैकी 6 रुग्णांत फायदा दिसला. त्याच वर्षी मेलानोमाच्या रुग्णांत तंतुमय आहार घेणाऱ्यांना औषध अधिक लाभलं, तर दुकानात मिळणाऱ्या प्रोबायोटिक गोळ्यांनी उंदरांमध्ये उपचार उलट कमजोर केला. इम्युनोथेरपीच्या रांगेत बसलेल्या माणसाला जाहिरात पाहून त्या गोळ्या सुचवणाऱ्यांनी हे वाचावं.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळा आहे. ज्वारी, डाळी, पालेभाज्या खाणाऱ्या आतड्यांत प्रिव्होटेला जास्त आढळतो, युरोपातली यादी इथे जशीच्या तशी चालायची नाही. टाटा मेमोरियलने 2022 साली डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब या पीडी-1 रोखणाऱ्या औषधाच्या अवघ्या 20 मिलिग्रॅम मात्रेचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण साध्या उपचारात 16.3 टक्के होतं, औषध जोडल्यावर 43.4 टक्के. या रुग्णांच्या आतड्यांत कोण नांदतं हे शोधणारी मुलं इथेच घडायला हवीत.

आतड्यातले हे जीवाणू हवेत मरतात, म्हणून ते वाढवताना आमच्या वेळी वायू तापवलेल्या तांब्यातून सोडायचो, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून जाई. नळीत रेझाझुरिनचे थेंब असत. गुलाबी रंग म्हणजे अजून हवा आहे, जीव मरतील. सिस्टीन घालून वाट पाहायची, रंग पार जाईपर्यंत. मग नळी बर्फाच्या पाण्यात आडवी फिरवून अगरचा थर काचेच्या आतून बसवायचा. माझ्या एका विद्यार्थिनीचे चौदा महिने यातच गेले. समितीने तिला विचारलं, एवढ्या काळात तुम्ही पेपर किती काढलेत? फेलोशिप वाढवून मिळाली नाही. तिने विषय बदलला, संगणकावरचं विश्लेषण करून पदवी घेतली. तिची वाढवलेली सतरा कल्चर्स उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये होती. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तो फ्रीजर बंद पडला आणि शनिवार-रविवारची सुट्टी असल्याने सोमवारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. सर, त्या तांब्याच्या नळीची जोडणी कशी करायची ते लिहून ठेवलंय का तुम्ही? तिच्याकडे आता स्वतःची विद्यार्थिनी आहे. जुनी वही सापडली, पानं पिवळी पडली आहेत, आकृती मात्र स्पष्ट आहे. येत्या गुरुवारी वही घेऊन जाणार आहे.