कर्ज ‘यांनी’ वाढवलं की ‘त्यांनी’?

निवडणूक आली की अहिल्यानगरमधल्या सावेडीच्या प्रोफेसर कॉलनी चौकापासून विधानभवनापर्यंत तोच दावा ऐकू येतो : आमच्या सरकारने राज्य सावरलं, तुमच्या सरकारने कर्जात बुडवलं. दोन्हीकडचे आकडे खरे असतात, चुकते ती तुलना. महाराष्ट्रावर मार्च २०१५ अखेर सुमारे २.९४ लाख कोटी रुपयांचं कर्ज होतं, मार्च २०२० अखेर ४.५१ लाख कोटी, मार्च २०२२ अखेर ५.७७ लाख कोटी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातला अंदाज ९.३२ लाख कोटींचा होता. या काळात फडणवीस, ठाकरे, शिंदे आणि पुन्हा फडणवीस मुख्यमंत्री होते. कर्जाची रक्कम कोणाच्याच कारकिर्दीत घटली नाही. आणि नुसत्या रकमेवरून ओझं कळतही नाही. २००४-०५ मध्ये कर्ज लाख कोटींच्या थोडंच वर होतं, पण ते स्थूल राज्य उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांहून जास्त होतं. २०२५-२६ च्या अंदाजात रक्कम कितीतरी पट झाली, प्रमाण मात्र १८.८७ टक्के होतं. मग राज्य जास्त वाकलेलं कधी होतं?

शिवाय हे कर्ज एका सरकारच्या नावावर टाकायचं तरी कसं? कर्जासाठी काढलेले राज्याचे रोखे रिझर्व्ह बँक लिलावाने विकते. पृथ्वीराज चव्हाणांच्या काळात, २०१३ मध्ये विकलेला दहा वर्षांचा रोखा फेडायची वेळ २०२३ मध्ये शिंदे सरकारवर आली. ‘जागतिक बँकेकडे राज्य गहाण पडलं’ हेही खोटं. हे रोखे मुख्यतः आपल्याच बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी घेतात. ‘हवं तेवढं कर्ज काढतात’ म्हणणाऱ्यांनी राज्यघटनेचं कलम २९३ वाचावं : केंद्राचं देणं बाकी असलेल्या राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते.

कर्जाचं राज्य उत्पन्नाशी प्रमाण ठरलेल्या मर्यादेत आहे, मग काळजी कसली, असं सत्ताधारी विचारतात. ही दिशाभूलही तेवढीच वाईट. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची धरली होती. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं यांचा काही भाग उसनवारीवर चालणार, आणि त्या पैशातून ना धरण उभं राहणार ना रस्ता. २०१७ ची कर्जमाफी युतीची, २०१९ ची महाविकास आघाडीची, २०२४ ची लाडकी बहीण महायुतीची. योजना गरजेच्या असतीलही, पण त्यांचा पैसा कुठून येणार हे एकाही सरकारने स्पष्ट सांगितलं नाही. पुढच्या सभेत कोणी कर्जाचा आकडा फेकला, तर त्याला आधी महसुली तूट विचारा.