१४२८५७ : एक चक्रीय संख्या

दशमान पद्धतीतील सहा अंकी पूर्णांक संख्या. १ ला ७ ने भागले असता येणाऱ्या ०·१४२८५७१४२८५७... या आवर्ती दशांश अपूर्णांकाचे आवर्त म्हणजे ही संख्या होय. हिचे गुणधर्म मनोरंजक गणितात बहुधा स्वतंत्र चमत्कार म्हणून सांगितले जातात; परंतु त्यांतील प्रमुख गुणधर्मांचे मूळ १४२८५७ × ७ = ९९९९९९ या एकाच समीकरणात आहे.

चक्रीयता : या संख्येस २, ३, ४, ५ व ६ यांनी गुणल्यास अनुक्रमे २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५ व ८५७१४२ हे गुणाकार मिळतात. प्रत्येकात तेच सहा अंक त्याच चक्रीय क्रमाने येतात. केवळ आरंभीचा अंक बदलतो. याचे कारण भागाकाराच्या कृतीत आहे. १ ला ७ ने भागताना क्रमाने ३, २, ६, ४, ५ व १ या बाक्या उरतात. म्हणजे शून्याखेरीज संभवणारी प्रत्येक बाकी एकदाच येते. त्यामुळे २/७, ३/७ इ. अपूर्णांकांचे भागाकार याच साखळीत निरनिराळ्या ठिकाणी सुरू होतात. तिसऱ्या पायरीस बाकी ६ उरत असल्याने ६/७ चे आवर्त १/७ च्या आवर्ताच्या मध्यापासून सुरू होते. १/७ व ६/७ यांची बेरीज १ असल्यामुळे १४२ + ८५७ = ९९९ हा संबंधही मिळतो.

कापरेकर संख्या : एखाद्या संख्येच्या वर्गाचे, उजवीकडे मूळ संख्येइतके अंक ठेवून, दोन भाग केले व त्यांची बेरीज मूळ संख्येइतकी आली, तर तिला कापरेकर संख्या म्हणतात. उदा., ४५ चा वर्ग २०२५ व २० + २५ = ४५. देवळाली (जि. नासिक) येथील शाळेत १९३०–६२ या काळात अध्यापन करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांच्यावरून हे नाव पडले आहे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ असून २०४०८ + १२२४४९ = १४२८५७ होतात. येथेही ७ हाच अंक कारणीभूत आहे. १४२८५६ ला ७ ने निःशेष भाग जातो व भागाकार २०४०८ येतो. म्हणून वर्गातून मूळ संख्या वजा केल्यास १४२८५७ × १४२८५६ = ९९९९९९ × २०४०८ एवढी वजाबाकी उरते. ९९९९९९ ही दहा लक्षांहून एकाने कमी असल्याने वर्गाचे वरील दोन भाग लगेच मिळतात.

पायाचे महत्त्व : १४२८५७ = ३³ × ११ × १३ × ३७ हे अवयव कोणत्याही अंकलेखन पद्धतीत तेच राहतात; चक्रीयता मात्र १० या पायावर अवलंबून आहे. अष्टमान पद्धतीत १/७ चे आवर्त १ या एकाच अंकाचे असते.

दशमान पद्धतीत १७, १९, २३ इ. अविभाज्य संख्यांपासूनही चक्रीय संख्या मिळतात. उदा., १/१७ चे आवर्त ०५८८२३५२९४११७६४७ हे आहे. १० पेक्षा मोठ्या अविभाज्य संख्येचा व्यस्त १/१० पेक्षा लहान असल्याने अशी आवर्ते शून्याने सुरू होतात. आरंभी शून्य नसलेली १४२८५७ ही एकमेव होय. आवर्ती दशांशांचे पद्धतशीर विवेचन कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संख्या सिद्धांतावरील ग्रंथात आढळते. चक्रीय संख्या देणाऱ्या अविभाज्य संख्या अनंत आहेत काय, हा प्रश्न अनिर्णित आहे. त्या अनंत असाव्यात असे एमील आर्टिन यांच्या १९२७ मधील अनुमानावरून निघते. क्रिस्टोफर हूली यांनी १९६७ मध्ये ते व्यापक रीमान गृहीतक सत्य मानून सिद्ध केले; निरपेक्ष सिद्धता अद्याप मिळालेली नाही.