जुनी मोटारगाडी घेताना सभासदांनी काय पाहावे?



गळीत हंगाम आटोपला, उसाचा हप्ता बँकेत जमा झाला, की घरोघर एक विषय हमखास निघतो : "औंदा एखादी चारचाकी घ्यायची का?" नवी गाडी म्हणजे मोठ्या खर्चाची बोली. मग नजर वळते जुन्याकडे. सेकंडहँड घेण्यात कमीपणा काही नाही. पण जुन्या गाडीच्या बाजारात जेवढी सोय आहे तेवढीच फसगतही आहे. म्हणून चार गोष्टी सांगाव्यात, एवढ्यासाठी हा लेख.

एक काळ असा होता की गावात मोटार म्हणजे अँबेसिडर नाहीतर कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, आणि तीही नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि लहान गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. पण तिने घालून दिलेला पायंडा अल्टो, वॅगन आर, सँट्रो, आय-टेन अशा गाड्यांनी पुढे चालवला. आज आपल्या बजेटात बसणारी गाडी ती हीच : हाताने गियर टाकायची, पेट्रोलवर चालणारी, चार-पाच माणसांची छोटी गाडी.

चैन नव्हे, गरज

फुलंब्रीहून छत्रपती संभाजीनगर पंचवीस-तीस किलोमीटर. रात्री अपरात्री घरात कुणाला अडचण आली, बाळंतीण अडली, म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, तर घाटी दवाखाना गाठायला दुसऱ्याच्या दारात जाऊन जीप मागावी लागते. पाल, गणोरी, बाबरा, पिरबावडा, वडोद बाजार या बाजूच्या सभासदांना हा अनुभव नवा नाही. तेव्हा गाडी ही मिरवायची वस्तू म्हणून न बघता अडीअडचणीचे साधन म्हणून बघावी. आणि जे साधन अडचणीला उपयोगी पडायचे, ते अर्ध्या रात्री एका सेलमध्ये चालू झाले पाहिजे. निवडीची सगळी कसोटी यातच आली.

आधी हिशेब, मग गाडी

समजा, दीड लाखाचे बजेट आहे. टनाला हातात २,८०० रुपये पडतात असे धरले, तर दीड लाख म्हणजे साडेत्रेपन्न टन ऊस झाला. एकरी ४० टनांचा उतारा धरला तर एक एकर तेरा-चौदा गुंठ्यांचे सगळे पीक. त्यातून बेणे, खत, पाणी, मजुरी अजून वजा व्हायचीच आहे. एवढा ऊस आपण कुणाच्या गोड बोलण्यावर देऊन टाकू का? मग गाडीच्या बाबतीत का द्यावा?

म्हणून पहिला नियम : सगळे बजेट गाडीच्या किमतीत घालू नये. पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवावा. दीड लाख असतील तर गाडी एक लाख वीस हजारांपर्यंतची बघावी आणि तीस हजार राखून ठेवावेत. नाव बदलणे, विमा, ऑईल-फिल्टर, बॅटरी, एखाद-दुसरी टायरची जोडी, ब्रेकचे काम हा खर्च पहिल्या सहा महिन्यांत येतोच. पीककर्जाचे किंवा लागवडीचे पैसे तर या कामी वळवूच नयेत. गाडी दारात आणि खत दुकानात, असे व्हायला नको.

पेट्रोल की डिझेल?

ट्रॅक्टरच्या सवयीमुळे आपला ओढा डिझेलकडे असतो. जरा आकडे मांडू. महिन्याला ५०० किलोमीटर म्हणजे वर्षाला ६,००० किलोमीटर गाडी चालली. पेट्रोलची गाडी लिटरला १८ किलोमीटर देते असे धरले तर ३३३ लिटर लागते. १०५ रुपये दराने सुमारे ३५,००० रुपये. डिझेल २२ किलोमीटर देते असे धरले तर २७३ लिटर. ९२ रुपये दराने सुमारे २५,००० रुपये. वाचले दहा हजार. पण जुन्या डिझेल गाडीचा पंप, इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला तर दोन वर्षांची बचत एका फेरीत मेस्त्रीकडे जाते. शिवाय मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणेच बंद केले, त्यामुळे त्यांची डिझेल स्विफ्ट आता त्याहून नवी मिळणार नाही. ज्याचे रोजचे जाणे-येणे लांबचे आहे त्याने डिझेल बघावे. बाजार, दवाखाना, लग्नकार्य एवढेच काम असेल तर पेट्रोलच बरे.

गॅसकिट बसवलेली गाडी असेल तर त्या किटची नोंद आरसी बुकात आहे का ते पाहा. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाब-चाचणी करावी लागते, तिचा दाखला मागा. नोंद नसेल, दाखला नसेल, तर ती गाडी सोडून द्या.

आपलेच इथेनॉल, आपलीच गाडी

हा मुद्दा ऊस उत्पादकांनी तरी नीट समजून घ्यावा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातला काही वाटा उसाचा रस व मळीपासून येतो. कारखान्याच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट. पण २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या १० टक्के मिश्रण डोळ्यांसमोर ठेवून बनल्या आहेत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अंदाज दिला आहे की, मूळ बिनमिश्रणाच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटते. म्हणजे १८ देणारी गाडी पावणेसतरा-सतरा देईल. घाबरण्याचे कारण नाही. मात्र जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाईप, वायसर, फिल्टर तपासून घ्यावेत. कुठे पाझर किंवा उग्र वास असेल तर पाईप आधी बदलावेत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, म्हणून गाडी दोन-दोन महिने तशीच उभी ठेवू नये. आठवड्याला एक फेरी मारावी.

बैल बघता तशी गाडी बघा

बैलबाजारात आपण हेड्याच्या बोलण्यावर जात नाही. दात बघतो, खुर बघतो, चालवून बघतो, जुवाला जुंपून बघतो. शिंगे रंगवलेली आणि अंगावर झूल असली म्हणून जुळलेला बैल चारदाती होत नाही. गाडीचेही तसेच आहे. पॉलिश, नवे सीटकव्हर आणि गाण्याचा डबा ही गाडीची झूल समजा.

१. वय : आरसी बुकावर गाडी बनल्याचा महिना व वर्ष छापलेले असते. मीटरवरचा किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून एकट्या त्यावर विसंबू नये. क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि ड्रायव्हरची सीट बघा. मीटर ३० हजार सांगतो आणि पायपट्टी गुळगुळीत झालेली, तर मीटर खोटा आहे. सर्व्हिसच्या पावत्या मागा. त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात.

२. इंजिन : सकाळी, गाडी थंड असताना जावे. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळते. सतत पांढरा धूर निघत असेल तर रेडिएटरचे पाणी आत शिरत असावे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते. चालू इंजिनात ऑईलचे झाकण उघडून धुराचे लोट येतात का पाहा. ट्रॅक्टरवाल्याला हे वेगळे सांगायला नको.

३. क्लच आणि गियर : चौका घाटात एक फेरी मारा. घरातली चार माणसे बसवून घाट चढा. रेस वाढते पण गाडी त्या मानाने ओढत नाही, तर क्लच प्लेट संपलेली आहे. गियर टाकताना खरखर येते का, गाडी ओढताना गियर आपोआप सुटतो का, रिव्हर्स सहज पडतो का, हे बघा. उतारावर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला खेचली जाऊ नये.

४. पत्रा : दरवाजे, बॉनेट, डिकी यांच्या फटी सारख्या असाव्यात. एका बाजूचा रंग किंचित वेगळा दिसला तर गाडी ठोकलेली असणार. दरवाजाच्या खालच्या कडा आणि पायाखालचा पत्रा गंजलाय का, हे मॅटिंग उचलून पाहा.

५. पुरातली गाडी : ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मराठवाड्यातले अनेक भाग पाण्याखाली गेले. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या बाजारात विकायला येतात. सीटखालचे गंजलेले नट, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा चिखलाचा डाग, कुबट वास, दिव्यांच्या काचेत पाणी या खुणा लक्षात ठेवा. अशा गाडीची वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही.

६. टायर : टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी दिसत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलायचेच, असे धरून किमतीत तेवढे कमी मागा.

७. उंची : ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी शेतरस्त्याला खोल चाकोऱ्या पडतात. छोट्या गाड्या जमिनीपासून साधारण १६० ते १७० मिलिमीटर उंच असतात. गाडीखाली वाकून चेंबर ठोकलेला, पिचलेला आहे का ते बघाच.

शक्य तर जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी घ्यावी. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस ब्रेक आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग सक्तीची झाली. बजेटात बसत नसेल तर निदान सीटबेल्ट सगळे चालू असलेली घ्या, आणि ते लावा.

कागद नसेल तर गाडी नाही

सगळ्यात मोठा धोका इंजिनात नसतो, कागदात असतो. आपल्याकडे चाल अशी की, पैसे दिले, चावी घेतली, सहीचे फॉर्म डिकीत टाकले आणि नाव बदलायचे राहून गेले. "करू की सावकाश!" असे करू नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट निकाल दिला. गाडी मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती, पुढे ती आणखी हात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला, पण आरटीओच्या दप्तरी नाव मूळ मालकाचेच होते. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच टाकली. म्हणजे आपली जुनी गाडी विकणाऱ्या सभासदानेही हे ध्यानात ठेवावे.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. उसाचे पैसे १४ दिवसांत मिळावेत असे आपण कायद्याचे बोट धरून म्हणतो, तर हाही १४ दिवसांचा कायदा आपण पाळू. पुढील गोष्टी मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत :

— फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सहीसह. गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल, म्हणजे आपली एमएच २० नसून जालन्याची एमएच २१ किंवा पुण्याची एमएच १२ असेल, तर एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागेल का याची चौकशी आधी करावी. परराज्यातली असेल तर एनओसी लागतेच.

— गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५.

— चालू विमा. घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करावी, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. "नो क्लेम बोनस" मात्र जुन्या मालकाचाच राहतो.

— पीयूसी, उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि थकीत दंड. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की कर्जाचा बोजा, विम्याची मुदत अशी माहिती दिसते. घरातल्या शिकल्या-सवरल्या मुला-मुलीला बसवून हे काम करून घ्या.

— इंजिन नंबर व चेसिस नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर ताडून बघा.

दलालाकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र असले पाहिजे. ते दाखवा म्हणावे. आणि परराज्यातली, विशेषतः दिल्लीकडची गाडी स्वस्त वाटली तरी तिचा इथला कर नव्याने भरावा लागतो, हे किमतीत धरा.

शेवटचा हिशेब पंधरा वर्षांचा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची फी आणि वर पर्यावरण कर. म्हणून चौदा वर्षांची गाडी चाळीस हजारांत मिळते म्हणून हुरळून जाऊ नये. तिच्यात निदान सहा-सात वर्षे शिल्लक असावीत.

थोडक्यात

एकटे जाऊ नका. ओळखीचा मेस्त्री बरोबर न्या, त्याला पाचशे-हजार द्या. ते वाया जात नाहीत. जिचे सुटे भाग फुलंब्रीच्या बाजारात मिळतात आणि जी गावातला मेस्त्री खोलू शकतो, अशीच गाडी निवडा. विसार देताना कागदावर लिहून घ्या. आणि एक गाडी मनात भरली तरी दुसरी, तिसरी बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. म्हणून गरज पडण्याच्या आधीच, निवांत असताना गाडी बघावी.

घाम गाळून पिकवलेल्या उसाचा पैसा आहे. तो अशा गाडीत घाला की जी रात्री दोन वाजता पहिल्या सेलला चालू होईल, आणि जिच्या कागदावर तुमचेच नाव असेल. येत्या हंगामासाठी सर्व सभासदांना शुभेच्छा.